संगणक सारखा बंद पडतोय? आधी रॅम तपासा

दापोलीजवळच्या मुरुडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात संगणक निळा पडदा दाखवून बंद पडला, की संशय व्हायरसवर जातो आणि विंडोज नव्याने टाकली जाते. दोन दिवसांत पुन्हा तेच! दोष कित्येकदा रॅममध्ये असतो. खाऱ्या, दमट हवेने तिच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर थर धरतो आणि जोड नीट बसत नाही.

बंद पडलेला परवडला. खराब रॅम चुकीचा आकडा गुपचूप फाइलमध्येही जाऊ देते. बेल्जियममधील स्कारबेक येथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला संगणकाने ४०९६ मते जादा मोजली. हा २ चा बारावा घात, म्हणजे स्मृतीतला एकच बिट उलटल्याची खूण. आकडा अशक्य वाटला म्हणून फेरमोजणी झाली. तुमच्या हिशेबाची कोण करणार?

तेव्हा आधी फाइलींची वेगळी प्रत घ्या, जुनी प्रत मात्र पुसू नका. मग मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर वीज काढून टोके हलक्या हाताने पुसा आणि एकेक पट्टी लावून पुन्हा तपासा. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी बदला; एकाच खाचेत राहिली तर दोष मदरबोर्डचा. विंडोज त्यानंतर.