टंचाईच्या दिवसांतील रासबेरी

परसबाग म्हटली म्हणजे भाजीपाल्याचे वाफे, अळू, कढीलिंब व केळ हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. रासबेरीसारखें नाजूक फळ केवळ हौसेखातर लावावयाचें, असाच आमचाही समज होता. परंतु दुसऱ्या महायुद्धांतील इंग्लंडची हकीकत वाचल्यावर तो आम्हांस बदलावा लागला.

१९४० च्या जानेवारींत तेथें साखरेचें शिधावाटप सुरू झालें आणि १९४१ च्या मार्चांत जॅमवरही तोच निर्बंध आला. घरोघरच्या बागांतून फळें पिकत होतीं. पण तोडलेली रासबेरी एकदोन दिवसांहून अधिक टिकत नाहीं आणि साखरेवांचून तिचा साठा कसा करावा? तेव्हां ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’च्या गांवोगांवच्या भगिनींनीं अन्नखात्याकडून साखर मिळविली, एकत्र जमून चुली पेटविल्या आणि १९४० ह्या एका वर्षांत फळांचे १,६३१ टन टिकाऊ पदार्थ तयार केले. वायां जाणारें फळ अशा रीतीनें हिवाळ्याची शिदोरी झालें.

रासबेरीचा दुसरा गुण असा कीं, ती दरसाल नव्यानें पेरावी लागत नाहीं. मूळ जमिनींत वर्षानुवर्षें जगतें. काठीचें आयुष्य मात्र बहुधा दोनच वर्षांचें. पहिल्या वर्षीं ती नुसती पानांनीं वाढते, दुसऱ्या वर्षीं फळते आणि मग वाळते. फळून झालेली काठी जमिनीलगत कापावी व नव्या फुटव्यांपैकीं सहा ते आठ जोमदार राखावे. दोन रोपांत दीड ते दोन फूट व दोन ओळींत पांचसहा फूट अंतर असावें. काठ्यांस तारांचा आधार द्यावा, बुंध्याशीं पालापाचोळा पसरावा. पाणी तुंबलें कीं मुळें कुजतात, हें विसरूं नये.

आम्हीं एकदां थंड मुलुखांतील जातीचीं रोपें देशावरील अंगणांत लाविलीं. तीन वर्षें पाणी घातलें, पण फळ दिसलें नाहीं. त्या जातीस हिवाळ्यांत दीर्घकाळ थंडी लागते, हें आम्हांस उशिरां कळलें. आपल्या सह्याद्रींत व हिमालयांत आढळणारी ‘म्हैसूर रासबेरी’ मात्र तशा थंडीवांचून फळते. तिचीं फळें प्रथम लाल व पिकल्यावर जांभळट काळीं होतात. परंतु तिला मोकाट सोडूं नये. हवाई व गॅलापागोस बेटांवर तिनें रानेंच्या रानें व्यापून उच्छाद मांडला आहे.

तेव्हां ज्यांस लावावयाची असेल त्यांनीं आधीं आपल्या गांवची हवा पाहावी, मग जात निवडावी. तोडणी मुलांकडे, छाटणी पुरुषमंडळींकडे आणि फळाच्या वजनाइतकी साखर घालून पाक आटविण्याचें काम वडीलधाऱ्या बायकांच्या देखरेखीखालीं, अशी वांटणी केली तर चार काठ्यांचें फळही सबंध घरास पुरवून खातां येईल.