नागिणीची गोळी कुठून आली?

वस्तीत कुणाच्या छातीवर, पाठीवर किंवा कमरेला पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला की घरातली म्हातारी माणसे लगेच ओळखतात : नागीण झाली. ओळख बहुधा बरोबर असते. चुकते ते पुढे. कुणी गेरूचा लेप लावतो, कुणी मंत्र घालणाऱ्याकडे नेतो. 'नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो' या भीतीने सारे घर हादरून जाते. या धावपळीत तीन-चार दिवस निघून जातात आणि औषधाचे खरे दिवस नेमके तेच असतात. फोड सुकून गेल्यावरही महिनोन् महिने अंगाची आग होते, अंगावर सदरा सोसवत नाही, असे रुग्ण आम्ही परिचारिकांनी पुष्कळ पाहिले आहेत.

या आजारावर चांगली गोळी आहे. ती कशी काम करते हे समजले की उशीर का करायचा नाही, हेही समजते.

साप नाही, विषाणू

लहानपणी कांजिण्या येतात आणि बऱ्या होतात. पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मज्जारज्जूजवळच्या नसांच्या गाठींत तो वर्षानुवर्षे झोपून राहतो. वय झाले, मोठे आजारपण आले किंवा प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि एका नसेच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून आधी एका पट्ट्यात ठणका लागतो, मग तिथेच फोड येतात.

ही नस शरीराच्या मधल्या रेषेपाशी संपते, म्हणून पट्टा सहसा एकाच बाजूला राहतो. मंत्र घातला नाही तरी तो तिथेच थांबणार असतो. तोंड-शेपूट जुळण्याची भीती खोटी आहे. प्रतिकारशक्ती फारच कमी असलेल्या माणसाला अंगभर फोड येऊ शकतात. तेव्हा मात्र दवाखाना गाठायलाच हवा.

फीचे पैसे नसलेली मुलगी

नागिणीवरच्या गोळीचे नाव असायक्लोव्हिर. तिच्या शोधामागे गर्ट्रूड एलियन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंचे मोठे काम आहे. त्यांचा जन्म 1918 मध्ये न्यूयॉर्कमध्ये, परदेशातून तिथे आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. 1929 च्या मंदीत वडिलांचे पैसे बुडाले. गर्ट्रूड पंधरा वर्षांच्या असताना त्यांचे लाडके आजोबा पोटाच्या कर्करोगाने गेले. या रोगांवर औषध शोधायचे, हे तेव्हाच त्यांच्या मनाने घेतले. हंटर कॉलेजात मुलींना फी नव्हती, म्हणून त्या शिकू शकल्या. 1937 मध्ये रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या.

पदवी मिळाली, पण प्रयोगशाळेत बाईला काम कोण देणार? 'तुमच्यामुळे पुरुषांचे कामात लक्ष लागणार नाही,' असेही त्यांना ऐकवले गेले. त्यांनी एका प्रयोगशाळेत आधी बिनपगारी काम केले. शाळेत शिकवत रात्री अभ्यास करून 1941 मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. लोणच्याचा आंबटपणा तपासण्याची नोकरीही केली. दुसऱ्या महायुद्धात पुरुष माणसे कमी पडली, तेव्हा 1944 मध्ये बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली त्यांना जागा मिळाली. पीएच.डी. त्यांनी संध्याकाळच्या वर्गात सुरू केली होती. पुढे विद्यापीठाने नोकरी सोडून पूर्णवेळ येण्याची अट घातली. त्यांनी नोकरी ठेवली, पीएच.डी. सोडली.

खोटी वीट

त्या काळी बरीच औषधे 'हे देऊन पाहू, ते देऊन पाहू' अशा रीतीने सापडत. हिचिंग्ज आणि एलियन यांनी वेगळा विचार केला. कोणत्याही पेशीला, जंतूला किंवा विषाणूला वाढायचे तर आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. ही नक्कल म्हणजे विटेवर वीट ठेवून भिंत उभारणे. मग हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी, पण कामाला नालायक अशी वीट दिली तर? गवंडी फसेल, भिंत अडेल.

अशा एका खोट्या विटेपासून 1950 च्या सुमारास मर्कॅप्टोप्युरिन तयार झाले. रक्ताचा कर्करोग झालेली लहान मुले तेव्हा काही महिन्यांत दगावत. 1953 मध्ये हे औषध वापरात आले. इतर औषधांच्या जोडीने ते आजही या मुलांना देतात आणि उपचार पूर्ण झाले तर बहुतेक मुले बरी होतात. त्याच्याच भावंडातले अझाथायोप्रिन. दुसऱ्याची किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ते 1962 पासून वापरले गेले. युरिक ॲसिड वाढून सांधे सुजतात त्यावरचे ॲलोप्युरिनॉल, मलेरियावरचे पायरिमेथामिन, ही औषधेही याच प्रयोगशाळेतली.

'सेप्ट्रान' नावाने आपल्याला माहीत असलेल्या गोळीतले ट्रायमेथोप्रिमही तिथलेच. त्यात वेगळी युक्ती आहे. विटा तयार करणारे एक यंत्र आपल्या पेशीत असते, तसे जिवाणूतही असते. पण दोन्हींची घडण थोडी निराळी. हे औषध जिवाणूच्या यंत्रात घट्ट अडकते, आपल्या यंत्राला फारसे धरत नाही. रोग्याला न मारता रोग मारायचा, तर असा फरक शोधावा लागतो.

विषाणूच उघडतो औषधाचे झाकण

विषाणूच्या बाबतीत हे फार कठीण होते. तो आपल्याच पेशीत शिरून आपलीच सामग्री वापरतो. त्याला मारायला जावे तर पेशीच मरायची. म्हणून विषाणूवर सुरक्षित औषध होणारच नाही, असे अनेक शास्त्रज्ञ मानत.

हॉवर्ड शेफर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर एलियन यांच्या गटाने हे कोडे सोडवले. 1977-78 च्या सुमारास असायक्लोव्हिरचे काम जगापुढे आले. ही वीट झाकणबंद असते. निरोगी पेशीत झाकण जवळजवळ उघडतच नाही, म्हणून तिथे औषध गप्प राहते. नागिणीच्या विषाणूजवळ मात्र स्वतःचे एक खास विकर असते. तेच हे झाकण उघडते. वीट भिंतीत बसते, पण तिच्यावर पुढची वीट बसायला जागाच नसते. नक्कल तिथेच थांबते.

1988 मध्ये एलियन, हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एलियन यांच्याजवळ तेव्हाही अभ्यास करून मिळवलेली पीएच.डी. नव्हती. 1999 मध्ये त्या गेल्या.

मग आपण काय करायचे?

आता उशिराचा मुद्दा पाहा. ही गोळी विषाणूची नवी नक्कल थांबवते. झालेली नक्कल ती पुसत नाही, दुखावलेली नस दुरुस्त करत नाही. म्हणून ती लवकर हवी.

• फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. उशीर झाला असला तरी जा. नवे फोड येत असतील तर डॉक्टर तरीही औषध देतात.

• गोळी साधारणपणे दिवसातून पाच वेळा, सात दिवस घ्यावी लागते. एकही वेळ चुकवू नका. भरपूर पाणी प्या. किडनीचा आजार असेल तर आधी सांगा.

• नुसते मलम लावून भागत नाही. जिवाणूंवरच्या अँटिबायोटिक गोळ्या या विषाणूवर चालत नाहीत.

• कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. दृष्टी जाऊ शकते.

• फोडांतल्या पाण्याने, कांजिण्या न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात. फोड झाकून ठेवा. खपल्या धरेपर्यंत गरोदर बाई आणि तान्हे बाळ यांच्यापासून दूर राहा.

• तरुण वयात नागीण झाली आणि डॉक्टरांनी एचआयव्ही तपासणी सांगितली तर लाजू नका, करून घ्या.

असायक्लोव्हिर सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. सरकारी दवाखान्यात नाव घेऊन मागा. शेजारच्या घरात कुणी गेरू कालवत बसले असेल तर त्यांना हे पान वाचून दाखवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.