चित्र आणि ध्वनि यांची सांगड

जुन्या मंगलकार्यांच्या चित्रफिती कपाटाच्या वरच्या कप्प्यांत पडून नाहींत असें घर आज विरळाच सांपडेल. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत लग्नें, मुंजी यांचीं चित्रें व्हीएचएस फितींवर घेण्याची चाल पडली. त्या फितींवरील चुंबकीय थर आतां झिजत चालला आहे, व त्या चालविणारीं यंत्रेंही दुर्मिळ झालीं आहेत. त्यांतील प्रसंग डीव्हीडीच्या तबकडीवर उतरवून ठेवावेत अशी इच्छा पुष्कळांच्या मनांत असते; परंतु हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं, असा आम्हांस नुकताच अनुभव आला. तो वाचकांच्या, विशेषतः घरांतील तरुण मंडळींच्या, उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें सादर करीत आहों.

आमच्या धाकट्या बंधूंची मुंज १९९३ सालीं झाली. तासाभराच्या त्या फितीच्या आरंभीं घाणा भरण्याचा प्रसंग आहे, व अखेरीस, भिक्षावळ आटोपल्यावर, आमची आजी बटूस जवळ घेऊन ओव्या म्हणत आहे. आजीला जाऊन पुष्कळ वर्षें लोटलीं. तिचा आवाज या एकाच ठिकाणीं शिल्लक आहे. तिची कन्या, म्हणजे आमच्या आत्या, आतां पंचाऐंशीच्या घरांत आहेत. त्यांस संगणक चालविणें जमत नाहीं; डीव्हीडीच्या यंत्राचीं चार बटणें मात्र त्यांच्या पाठ आहेत. म्हणून गांवांतील एका दुकानदाराकडून आम्हीं ती फीत तबकडीवर उतरवून घेतली. घाण्याच्या प्रसंगीं सर्व कांहीं यथास्थित होतें. पण आजी दिसूं लागली तेव्हां तिचे ओंठ मिटल्यावर चार सेकंदांनीं ओवी संपत होती. आत्या थोडा वेळ पाहत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “अरे, बंद कर तें. आईच्या तोंडून कोणी दुसरीच बाई बोलते आहे असें वाटतें रे.” तबकडी बंद केली, व हा दोष शोधून काढण्याचें आम्हीं मनावर घेतलें.

चित्र व ध्वनि हे संगणकांत दोन स्वतंत्र प्रवाह असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडील पाल पद्धतींत दर सेकंदास २५ चित्रें, म्हणजे तासास ९०,००० चित्रें, पडद्यावरून सरकतात; तर डीव्हीडीवरील ध्वनीचे सेकंदास सामान्यतः ४८,००० नमुने असतात. या दोन बैलांची जोडी एकाच चालीनें चालली तरच गाडी नीट चालते. नदीच्या पैलतीरीं धोबी कपडे आपटीत असतां हात आधीं दिसतो व आवाज मागाहून येतो, याची आपणांस संवय असते. म्हणूनच ध्वनि किंचित् मागें राहिल्यास खपतो, पुढें गेल्यास लागलाच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या शिफारशीप्रमाणें ध्वनि सुमारें ४५ सहस्रांश सेकंद पुढें, किंवा १२५ सहस्रांश सेकंद मागें असला कीं माणसाच्या लक्षांत येऊं लागतो. एक चित्र ४० सहस्रांश सेकंद टिकतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे मर्यादा किती अरुंद आहे हें कळेल.

आतां रोगाची परीक्षा. प्रथमपासून शेवटपर्यंत अंतर एकसारखेंच असेल तर उपाय सोपा. बोलपटाच्या चित्रीकरणांत फळी आपटून तिचें दृश्य व आवाज जुळवितात. त्याचप्रमाणें नारळ फुटण्याचा किंवा टाळीचा क्षण शोधावा, अंतर मोजावें, आणि अॅव्हिडेमक्ससारख्या साधनानें ध्वनि तितका सरकवावा. परंतु आरंभीं कांहींच फरक नाहीं, मध्यें दोन सेकंद व शेवटीं चार, असें अंतर वाढत गेलें तर नुसतें सरकवून भागत नाहीं. आमच्या फितीचा रोग हाच होता. झिजलेल्या फितीचे संकेत डळमळीत असल्यामुळें संगणकानें उतरवितांना ९०,००० पैकीं सुमारें १०० चित्रें गाळलीं होतीं. चित्र तेवढें आंखूड झालें, ध्वनि मात्र पुरा राहिला. अमेरिकेंतील नातलगांच्या फितींत सेकंदास २९.९७ चित्रें असतात. तीं ३० धरल्यास तासास ३.६ सेकंदांचा फरक पडतो. मोबाइलवर घेतलेल्या चित्रांचा वेग तर पुष्कळदां क्षणोक्षणीं बदलतो. तीं हँडब्रेकसारख्या साधनानें आधीं एकाच स्थिर वेगाचीं करून घ्यावीं.

गळतीचा खरा उपाय म्हणजे फीत पुन्हां उतरविणें हाच होय. आम्हीं यंत्राचीं टोकें साफ करविलीं, संकेत स्थिर करणारें एक उपकरण मध्यें जोडलें, व काम चालू असतां संगणकावर दुसरें कांहींही केलें नाहीं. या वेळीं गाळलेल्या चित्रांची संख्या शून्य आली. मूळ फीतच ज्यांच्यापाशीं उरली नाहीं त्यांनीं, अंतर सारखें वाढत असल्यास, ऑडॅसिटींत स्वर न बदलतां ध्वनीची लांबी चित्राइतकी करून घ्यावी.

तबकडी रचणाऱ्या सॉफ्टवेअरची निवड यानंतरची. कारण बिघडलेली सांगड तें सॉफ्टवेअर बहुधा सुधारीत नाहीं, आहे तशीच तबकडीवर उमटवितें. विंडोज व्हिस्टा आणि ७ यांत असा एक कार्यक्रम होता. तो ८ पासून काढून टाकण्यांत आला. अॅडोबीच्या एन्कोरची शेवटची आवृत्ति २०१२ सालची. विनामूल्य मिळणारें डीव्हीडीस्टायलर विंडोज, मॅक व लिनक्स या तिहींवर चालतें. आम्हीं तेंच वापरलें. कोणतेंही घ्या, चार गोष्टी पाहाव्या: पाल पद्धत व ७२० बाय ५७६ हा आकार निवडतां यावा, आधींच नियमांत बसणारें एमपेग-२ चित्र पुन्हां रूपांतरित न करतां घ्यावें, प्रकरणें पाडण्याची सोय असावी, आणि तबकडी जाळण्यापूर्वीं सर्व रचना संगणकावरच साठवून तपासतां यावी. एकथरी तबकडींत ४.७ अब्ज बाइट मावतात. एक तासाच्या मजकुरास सेकंदाला ८० लाख बिट खुशाल द्यावे. दोन तास भरावयाचे असल्यास चित्र व ध्वनि मिळून ५० लाखांच्या आंत राहावें. पहिला प्रयोग पुनर्लेखी तबकडीवर करावा, व तो घरच्या यंत्रावर, विशेषतः शेवटचीं दहा मिनिटें, पाहावा. आरंभ पाहून समाधान मानणारे फसतात. आणि तबकडी हीही नाशवंतच. म्हणून मूळ उतरविलेला मजकूर दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपून ठेवावा.

नवी तबकडी लावली त्या दिवशीं आत्यांनीं चष्मा पुसून घेतला. आजीची ओवी संपली आणि त्याच क्षणीं तिचे ओंठ मिटले. आत्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं स्वतःच बटण दाबून तो भाग पुन्हां लावला, आणि दुसऱ्या खेपेस आजीबरोबर त्याही ती ओवी हलक्या आवाजांत म्हणूं लागल्या.