हप्त्यानें घेतलेली मोटार



मोटार घरीं येते तो दिवस पुष्कळ कुटुंबांत सणासारखा साजरा होतो. पाडव्याचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त साधलेला असतो, गाडीला झेंडूची माळ घातलेली असते, चाकाखालीं लिंबू ठेवलेलें असतें, आणि घरांतील लहानथोर शोरूमच्या दारांत उभे असतात. मला आज बोलावयाचें आहे तें या आनंदाविषयीं नव्हे. त्यापूर्वीं आठपंधरा दिवस त्याच शोरूममधील एका मेजावर ज्या सह्या होतात, त्यांविषयीं मी बोलणार आहें. माळ दुसऱ्या दिवशीं सुकते. सही पांचसात वर्षें हिरवी राहते.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची हकीकत प्रथम सांगतों. गृहस्थ हिशेबाचे पक्के. महिनाभर चार दुकानें हिंडून त्यांनीं गाडीच्या किंमतींत पंधरा हजारांची सूट मिळविली. मग विक्रेत्यानें मोठ्या अदबीनें विचारलें, “दरमहा किती हप्ता झेपेल, साहेब?” साहेबांनीं सांगितलें, “तेरा हजार.” विक्रेत्यानें यंत्रावर आंकडे दाबले आणि हप्ता तेरा हजारांच्या आंत बसवून दिला. गृहस्थ समाधानानें घरीं आले.

आतां हा हप्ता बसला कसा, तें पाहूं. कर्ज आठ लाखांचें होतें आणि व्याज शेंकडा ९. पांच वर्षांच्या मुदतीस हप्ता सुमारें १६,६०७ रुपये येतो. सात वर्षांच्या मुदतीस तो १२,८७१ रुपये होतो. दर तोच, मुद्दल तेंच. वाढली ती केवळ मुदत. परंतु पहिल्या हिशेबांत एकंदर व्याज सुमारें १ लाख ९६ हजार पडतें आणि दुसऱ्यांत २ लाख ८१ हजार. म्हणजे पंधरा हजार वांचविणाऱ्या गृहस्थांनीं एका उत्तरांत पंच्याऐशी हजार देऊं केले. विक्रेता खोटें एक अक्षर बोलला नाहीं. त्यानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आमच्या गृहस्थांनीं दिलें. आपण होऊन जो प्रश्न विचारावयास हवा होता, तो मात्र विचारला नाहीं. तो प्रश्न असा: “शेवटचा हप्ता फिटेपर्यंत माझ्या खिशांतून एकूण किती रुपये जातील?” ज्यास मोठा हप्ता खरोखरच झेपत नाहीं, त्यानें मुदत वाढविणें हा गुन्हा नव्हे, पण तें समजून वाढवावी. बहुधा थोडी लहान गाडी घेणें किंवा आणखी वर्षभर शिल्लक टाकून आरंभींची रक्कम वाढविणें अधिक हिताचें ठरतें.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. व्याजाचा दर सांगण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतींत फिटत जाणाऱ्या मुद्दलावर, म्हणजे जें देणें बाकी राहिलें तेवढ्यावरच, व्याज लागतें. दुसऱ्या रीतीस ‘फ्लॅट’ दर म्हणतात. तींत मूळ रकमेवर अखेरपर्यंत व्याज चालूं राहतें, मग आपण निम्मी रक्कम फेडलेली असो वा पाऊण. वरचेंच कर्ज ९ टक्के फ्लॅट दरानें पांच वर्षांसाठीं घेतल्यास व्याज ३ लाख ६० हजार होतें आणि हप्ता १९,३३३ रुपये येतो. घटत्या मुद्दलाच्या हिशेबानें हा दर जवळजवळ पावणेसोळा टक्के पडतो! दोन्ही कागदांवर लिहिलेलें मात्र असतें ‘९ टक्के’. म्हणून दर ऐकल्याबरोबर तो कोणत्या रीतीचा, हें विचारावें आणि उत्तर कागदावर मागावें.

‘शून्य टक्के व्याज’ या पाटीविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पैसा फुकट कोणी वापरावयास देत नाहीं. रोख घेणाऱ्यास चाळीस हजारांची सूट असेल आणि शून्य टक्केवाल्यास ती नसेल, तर ते चाळीस हजार हेंच व्याज. तें फक्त किंमतीच्या पोटांत दडलेलें आहे. रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालीं गृहोपयोगी वस्तूंच्या अशा योजनांबाबत बँकांना हेंच बजावलें होतें.

आतां मेजाच्या पलीकडच्या बाजूस काय चालतें, तें पाहूं. आपणांस वाटतें कीं येथें एकच व्यवहार चालला आहे. वस्तुतः तेथें तीन व्यापार चालूं असतात: गाडीचा, कर्जाचा आणि विम्याचा. कर्ज आणि विमा यांवरही विक्रेत्यास बहुधा दलाली मिळते. दलाली घेणें यांत पाप नाहीं. ती झांकून ठेवणें यांत दोष आहे. इंग्लंडमध्यें हा प्रश्न फार मोठा झाला. तेथें मोटार-विक्रेत्यास ग्राहकाच्या व्याजाचा दर कांहीं मर्यादेंत स्वतः ठरवितां येई, आणि दर जितका चढा तितकी त्याची दलाली अधिक. तेथील वित्तनियामक संस्थेनें जानेवारी २०२१ पासून ही पद्धत बंद केली. पुढें १ ऑगस्ट २०२५ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तीन खटल्यांचा निकाल दिला. एका खटल्यांत दलालीची रक्कम कर्जाच्या एकूण आकाराच्या ५५ टक्के होती आणि ती ग्राहकास धड कळविलेली नव्हती; तो व्यवहार न्यायालयानें ग्राहकावर अन्याय करणारा ठरविला. परंतु त्याच निकालांत न्यायालयानें असेंही म्हटलें कीं मोटार-विक्रेता हा ग्राहकाचा विश्वस्त नव्हे. तो आपला माल विकण्यास बसलेला आहे. हें वाक्य आपणही ध्यानांत ठेवावें. विक्रेत्याच्या आर्जवीपणास भुलून त्याला घरचा वडीलधारा समजूं नये, आणि तो चोर आहे असें धरूनही चालूं नये.

मग उपाय कोणता? तीन व्यापार तीन ठिकाणीं तोडावे. आधीं गाडीची किंमत ठरवावी आणि ती लेखी घ्यावी. तोंवर हप्त्याचा विषय काढूं नये. मग आपल्या बँकेंत जाऊन तिचा दर विचारावा आणि तो हातीं घेऊनच शोरूमच्या कर्जाशीं ताडून पहावा. कधीं कधीं शोरूमचेंच कर्ज स्वस्त निघतें. मग तें खुशाल घ्यावें. विम्याचेंही तसेंच. नव्या खाजगी मोटारीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा तीन वर्षांचा विमा २०१८ पासून आवश्यक झाला, हें खरें; परंतु तो अमक्याच कंपनीकडून घ्या अशी सक्ती विक्रेत्यास करतां येत नाहीं. कर्जदाराच्या जीविताच्या विम्याचा हप्ता न विचारतां कर्जांत मिळविला जातो काय, तेंही पहावें. कारण मग त्या रकमेवरही पांच वर्षें व्याज चढतें.

या कामीं एक चांगलें साधन आतां आपल्या हातीं आलें आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा वैयक्तिक कर्जांसाठीं धनकोनें ऋणकोस त्याला समजेल अशा भाषेंत मुख्य तथ्यांचें एक पत्रक दिलें पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांत सर्व आकार धरून पडणारा वार्षिक दर असतो आणि हप्त्यांचें कोष्टकही असतें. जो आकार त्या पत्रकांत नाहीं, तो ऋणकोच्या स्पष्ट संमतीवांचून पुढें लावतां येत नाहीं. शिवाय पत्रकांतील अटी कामकाजाचे निदान तीन दिवस कायम राहतात. तेव्हां “हा दर आज संध्याकाळपर्यंतच आहे” असें कोणी म्हटलें, तर पत्रक मागून घ्यावें आणि शांतपणें घरीं यावें.

आतांपर्यंत मीं विक्रेत्याच्या सचोटीविषयीं बोललों; आपल्या सचोटीविषयींही बोललें पाहिजे. “पगाराचा आंकडा थोडा वाढवून लिहूं या, साहेब, सगळेच लिहितात,” असें कोणी सुचविल्यास नम्रपणें नाहीं म्हणावें. सुचविणारा विसरून जाईल, पण सही आपली राहील. आणि वाढविलेल्या पगारावर मिळालेलें कर्ज खऱ्या पगारांतूनच फेडावें लागेल. कोऱ्या कागदावर सही तर कोणाच्याही आग्रहास्तव करूं नये. भाच्यासाठीं किंवा स्नेह्यासाठीं जामीन राहतांनाही हाच विचार करावा. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें, करारांत वेगळें ठरलें नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ‘नुसती सही’ अशी वस्तु कायद्यांत नाहीं. निवृत्तीच्या पुंजींतून परक्या गाडीचे हप्ते भरण्याची पाळी येते ती याच दोन शब्दांमुळें, आणि मग पैशाबरोबर नातेंही जातें.

शेवटची एक गोष्ट. कर्ज फिटलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. गाडीच्या नोंदणीपत्रावर धनकोचें नांव लागलेलें असतें. तें काढण्यासाठीं त्याच्याकडून ना-हरकत पत्र आणि ३५ क्रमांकाचा फॉर्म घेऊन परिवहन कार्यालयांत नोंद करून घ्यावी. हें राहून गेलें तर गाडी विकतांना अडचण उभी राहते. मुदतीपूर्वीं कर्ज फेडल्यास काय दंड पडतो, हें मात्र सही करण्याआधींच विचारून ठेवावें.

आमच्या त्या गृहस्थांनीं पुढें काय केलें, असें आपण विचाराल. दिवाळीच्या बोनसाची रक्कम भरून त्यांनीं मुदत दीड वर्षानें कमी करून घेतली. आतां त्यांचा मुलगा गाडी घेणार आहे. परवां शोरूममध्यें त्याला विचारलें, “किती हप्ता झेपेल, साहेब?” मुलगा बोलण्यापूर्वींच बाप म्हणाले, “तें आम्ही घरीं ठरवूं. तुम्ही एकूण रक्कम लिहून द्या.”