नाव दुसऱ्याचे, प्रबंध आमचा

‘थिसिस करून देणे’ हा शब्दप्रयोग अमरावती-अकोल्याकडे आता इतका रुळला आहे की त्यात कोणाला वावगे वाटत नाही. लग्नपत्रिका छापून देणे, घर रंगवून देणे, तसेच हे. मी गेली बारा वर्षे हेच करतो. एम.ए., सेट, पीएच.डी. झालो, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले. मानधन वर्ष सरल्यावर हाती येई, उन्हाळ्यात तेही नाही. कायम जागेसाठी संस्थेने जो आकडा सांगितला तो माझ्या बापाच्या जन्मभराच्या मजुरीत बसत नव्हता. तेव्हा जे येत होते ते विकायला काढले. या धंद्याविषयी आपल्यात कुजबूज पुष्कळ होते, विचार होत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

या धंद्याला गिऱ्हाईक सरकारी नियम पुरवतात. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ निघाले, तेव्हा पीएच.डी. झालेला प्राध्यापक आमच्या तालुक्यांच्या गावी अपवादानेच दिसे. २००६ साली एम.फिल. झालेल्यांना नेटमधून सूट मिळाली आणि एम.फिल.ची झुंबड उडाली. २००९ साली ती सूट गेली, नव्या नियमांप्रमाणे झालेल्या पीएच.डी.लाच उरली. झुंबड तिकडे वळली. २०१० साली पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुण ठरले आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ साली स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली, यावरून काय ते समजावे. ज्ञानासाठी म्हणून नियम निघतो आणि वऱ्हाडात पोचेपर्यंत तो पगारवाढीचा कागद होतो.

दुसरीकडे जागांची अवस्था पाहा. २०१७ साली राज्यात प्राध्यापक भरती थांबली. २०१८ साली रिक्त जागांपैकी फक्त ४० टक्के भरायला परवानगी मिळाली. म्हणजे एका बाजूला पीएच.डी. झालेले बेकार, दुसऱ्या बाजूला पीएच.डी. हवी असलेले नोकरदार. दोघांची गाठ पडणारच.

ही गाठ बहुधा डीटीपी आणि बाइंडिंगच्या दुकानात पडते. दुकानदार मधला माणूस. दर प्रकरणावर ठरतो, निम्मे पैसे आधी, निम्मे गाइडने मान हलवल्यावर. प्रश्नावल्या गिऱ्हाइकाने स्वतः भरून आणाव्यात ही माझी अट असते. त्या येतात एकाच शाईने, एका बैठकीत भरलेल्या, आणि वाशीमकडच्या शेतमजूर बाईने त्यात ‘अंशतः सहमत’ या पर्यायावर खूण केलेली असते! २०१८ सालच्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य ठरवले, ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. पण यंत्र चोरलेले वाक्य पकडते, विकत घेतलेले पकडत नाही. या नियमाने नकलेचा भाव उतरला आणि लेखकाचा चढला. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून माझी इंग्रजीतली कामे बरीच घटली. मराठीतली अजून टिकून आहेत.

हे वऱ्हाडापुरतेच नाही. केनियात पदवीधर बेकार तरुण अमेरिका-इंग्लंडातल्या विद्यार्थ्यांचे निबंध लिहून पोट भरतात. ऑस्ट्रेलियाने २०२० साली आणि इंग्लंडने २०२२ साली अशी सेवा विकणे कायद्याने गुन्हा ठरवले. नैरोबीच्या पदवीधराला काम का नाही, हा प्रश्न त्या कायद्यांच्या कक्षेत येत नाही.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ वेगळा आहे. महारकीत गावाची शीव महाराला पाठ असे. शिवेचा तंटा उठला की साक्ष त्याची, दप्तर मात्र पांडे-कुलकर्ण्यांच्या घरी. माझ्याकडे दलित आत्मकथनांवरचे, बाबासाहेबांच्या शिक्षणविचारावरचे विषय वारंवार येतात. लिहिणारा त्या वस्तीतला, नाव मात्र ज्याने वस्तीची वाट तुडवली नाही त्याचे. तोच उद्या मुलाखतीच्या समितीवर या विषयाचा तज्ज्ञ म्हणून बसणार, आणि समोर खुर्चीवर कदाचित माझाच धाकटा भाऊ असणार.

मात्र गिऱ्हाइके सगळी सवर्ण, असे समजून कोणी मोकळे होऊ नये. आपलेही येतात. पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाला नोकरी लागली, पण संशोधनाची पद्धत त्याला कोणी शिकवली नाही. वर निवडणुकीची कामे, परीक्षेची कामे. तो लाजत येतो, बाकीचे लाजत नाहीत, एवढाच फरक.

काही तरुण मित्र म्हणतात, संस्थाचालकाची गुलामी करण्यापेक्षा हे स्वतंत्र जगणे काय वाईट? पैशापुरते ते खरे आहे. तासिकेपेक्षा मला इथे जास्त मिळते आणि रोखीने मिळते. पण ज्ञानाच्या व्यवहारात नाव हीच जमीन असते, आणि या धंद्यात आपण भूमिहीन राहतो. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली बाबासाहेबांच्या नावाने प्रसिद्ध झाले. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे चलनाच्या प्रश्नावर साक्ष द्यायला ते उभे राहिले तेव्हा तो ग्रंथ त्यांच्या पाठीशी होता. माझ्या पाठीशी काय आहे? मी लिहिलेले प्रबंध ‘शोधगंगा’वर कोणालाही वाचता येतात, त्यांतले उतारे दुसरे अभ्यासक घेतात, आणि खाली संदर्भ त्या गिऱ्हाइकाचा देतात.

प्राध्यापकांची निवड संस्थाचालकांच्या हातून काढून आयोगाकडे द्यावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. ती मान्य व्हायला किती वर्षे लागतील कोण जाणे. तोवर करता येण्याजोगे एक काम आहे, ते म्हणजे आपल्या मुलांना प्रबंध लिहायला शिकवणे. अकोल्याची तीन मुले दर रविवारी त्यांची प्रकरणे घेऊन येतात. मी लिहून देत नाही, खोडतो, आणि का खोडले ते समजावतो. त्यातल्या एकाचे पहिले प्रकरण परवा चौथ्यांदा परत केले; रागावून गेला आहे, पण वही घेऊन गेला आहे.