मोबाईलच्या खेळात दादीचे माळवद

मुलांच्या हातून मोबाईल सुटत नाही, ही तक्रार नांदेड-लातूरच्या प्रत्येक मोहल्ल्यात ऐकू येते. आम्ही शिक्षकही ती रोज ऐकतो. मोबाईल हिसकावला की मूल रुसते, नाहीतर चोरून खेळते. त्यापेक्षा तो खेळच कामाला लावता येईल का, याचा विचार पालकांनी जरूर करावा.

सगळे खेळ सारखे नसतात. काहींत नुसता गोळीबार, काहींत पैसे उकळण्याची सोय. पण माइनक्राफ्टसारख्या खेळात मूल ठोकळ्यावर ठोकळा रचून घर, विहीर, अख्खे गाव उभे करते. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने २०१२ मध्ये या खेळाच्या कंपनीबरोबर एक उपक्रम सुरू केला. त्यात नैरोबीच्या किबेरा वस्तीतील लोकांनी आपले मैदान कसे असावे, ते खेळात रचून पाहिले. माइनक्राफ्ट विकत घ्यावा लागतो. लुआंटी, म्हणजे पूर्वीचा माइनटेस्ट, हा तशाच प्रकारचा खेळ मात्र मोफत आहे आणि इंटरनेट बंद ठेवूनही चालतो.

आपल्या मुलांनी काय रचावे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावांबरोबर माळवदाची घरे, ओसरी, मशिदीकडे जाणारी गल्लीही मागे राहिली. त्या घरांत नांदलेली पिढी आता थकली आहे. आज विचारले नाही, तर उद्या सांगायला कोणी उरणार नाही.

म्हणून मुलाला सांगावे, “दादी ज्या घरात दुल्हन होऊन आल्या, ते घर रच.” मग त्याला दादीजवळ बसावेच लागते. दार कुठल्या दिशेला होते? चूल कुठे, ज्वारी कुठे साठवायची? वजूचे पाणी कुठून यायचे? दादी दखनीत सांगतील, मुलाने उर्दूत किंवा मराठीत लिहून घ्यावे. आधी कागदावर नकाशा काढावा. एक ठोकळा म्हणजे एक फूट धरला, तर तीन फुटांची भिंत तीन ठोकळ्यांची. गणितही आपसूक होते. मात्र ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांना त्या रात्रीबद्दल खोदून विचारू नये. घराबद्दल विचारावे.

या खेळात खालची भिंत काढली तरी वरचे छत हवेत तसेच राहते. इथे मुलाला विचारावे, मग खरे माळवद का कोसळले? छतावर मातीचे मोठे ओझे होते. भिंती जाड होत्या, पण दगड मातीतच रचलेले. भिंतीचा आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हते. हादरा बसताच पदर सुटले. घराची आठवण जपावी, पण तशी भिंत पुन्हा बांधू नये, हे मुलाला इथे समजते.

नांदेडकडच्या मुलांना कंधारचा किल्ला आणि त्याचा खंदक आहे, लातूरकडे औशाची जामा मशीद, उदगीरचा किल्ला आहे. आधी पाहून यावे, मग रचावे.

असर ते मगरिब एवढाच वेळ द्यावा, अनोळखी लोकांशी खेळू देऊ नये, घरातल्या मोठ्यांनी जवळ बसावे. घर तयार झाले की दादींना दाखवावे. त्या म्हणतील, “दरवाजा इधर नहीं था, बेटा.” मग दार हलवावे, आणि पुढचे त्यांच्याकडून ऐकावे.