कार्बनयुक्त वायूंमध्ये मिश्रधातूंचे विचूर्णन

तापमान जितके अधिक तितके धातूचे क्षरण अधिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नैसर्गिक वायूवर वाफेची क्रिया घडवून हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड मिळविणाऱ्या संयंत्रांत मात्र याच्या उलट अनुभव येतो. तेथे विशिष्ट प्रकारचे क्षरण सर्वांत तप्त भागात न होता, बाहेर पडणारा वायू जेथे निवविला जातो तेथे, सुमारे ४५० ते ८०० अंश सेल्सिअस या मर्यादेत होते. धातूवर खळगे पडतात आणि त्यांतून काजळीसारखी काळी भुकटी निघते. तीत कार्बनाबरोबर धातूचेही सूक्ष्म कण असतात. यासच धातूचे विचूर्णन म्हणता येईल.

याचे कारण ऊष्मागतिकीत आहे. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्यापासून कार्बन व वाफ निर्माण होण्याची क्रिया उष्णतादायी आहे. म्हणून वायू निवू लागला की त्यातील कार्बनाची क्रियाशीलता वाढते व ती एकाहून अधिक होते. तापमान याहूनही उतरल्यास क्रियेचा वेग मंदावतो. त्यामुळे धोका मधल्या पट्ट्यातच राहतो.

लोहाच्या बाबतीत प्रथम धातू कार्बनाने अतिसंपृक्त होतो व पृष्ठभागावर सिमेंटाइट तयार होते. त्यावर ग्राफाइट साचताच तेथील क्रियाशीलता एकावर येते, सिमेंटाइट अस्थिर होते आणि त्याचे लोहकण व ग्राफाइट यांत विघटन होते. हे कण कार्बन साचण्याच्या क्रियेस उत्प्रेरक ठरतात. म्हणजे क्षरणाचे फलितच पुढील क्षरणास साहाय्य करते. निकेलमध्ये कार्बाइडाची पायरी नसते. ग्राफाइट थेट धातूत वाढून त्याचे कण विलग करते.

संरक्षणाची मुख्य भिस्त क्रोमियम ऑक्साइडाच्या अखंड थरावर असते. परंतु याच तापमानांत क्रोमियमचे विसरण मंद असल्याने तो थर सावकाश बनतो. सूक्ष्मकणी अथवा यांत्रिक क्रियेने विरूपित पृष्ठभागात विसरणास जलद मार्ग मिळतात, म्हणून असा पृष्ठभाग अधिक टिकतो. हायड्रोजन सल्फाइडाचा अल्प अंशही उपयोगी पडतो, हे हान्स युर्गेन ग्राब्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी डसेलडॉर्फ येथील संशोधनात दाखविले. पृष्ठभागास चिकटलेले गंधक कार्बनाचा प्रवेश रोखते. मात्र तेच गंधक संयंत्रातील निकेल उत्प्रेरकास विषवत ठरते.

इंधन वाचविण्यासाठी वाफेचे प्रमाण घटविले, तर कार्बनाची क्रियाशीलता वाढते. शिवाय हानी खळग्यांत एकवटत असल्याने भिंतीच्या सरासरी जाडीवरून तिचा अंदाज येत नाही. म्हणून मिश्रधातूची निवड केवळ कमाल तापमानावरून न करता, वायू निवण्याच्या संपूर्ण मार्गाचा विचार करूनच करणे अगत्याचे आहे.